मगरिबच्या वेळी मैदानात

२६ एप्रिल २०२१. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात लेस्टर सिटी आणि क्रिस्टल पॅलेस यांच्यात प्रीमियर लीगचा सामना रंगात आला होता. कोविडमुळे प्रेक्षकांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. साधारण अर्ध्या तासाचा खेळ झाल्यावर पॅलेसला गोल किक मिळाली. गोलरक्षक विसेंते ग्वाइता याने चेंडू जागेवर ठेवला, पण मारला मात्र नाही. तेवढ्यात लेस्टरचा वेस्ली फोफाना आणि पॅलेसचा शेखू कुयाते मैदानाच्या कडेला गेले. सूर्य नुकताच मावळला होता, मगरिबची वेळ झाली होती. दिवसभराच्या रोज्यानंतर दोघांनी घाईघाईने काहीतरी पोटात ढकललं आणि ते आपापल्या जागी परतले. दोन्ही कर्णधारांनी आणि पंचांनी सामन्याआधीच हे ठरवून ठेवलं होतं. लेस्टरने तो सामना २-१ असा जिंकला. वीस वर्षांच्या फोफानाने समाजमाध्यमावर पॅलेसच्या संघाचे आणि ग्वाइताचे नाव घेऊन आभार मानले, तेव्हा कुठे अनेकांना कळलं की मध्येच खेळ थांबला होता तो कशासाठी.

दोन वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, इंग्लंडमधल्या पंचांच्या संस्थेने संध्याकाळच्या सामन्यांत खेळाडूंना रोजा सोडता यावा म्हणून खेळ नैसर्गिकपणे थांबेल तेव्हा थोडा अवकाश द्यावा, अशी सूचनाच आपल्या पंचांना दिली. त्याच महिन्यात इंग्लिश खाडीच्या पलीकडे, फ्रान्सच्या फुटबॉल महासंघाने नेमकं उलट पत्र काढलं: रोजा सोडण्यासाठी सामना थांबवायचा नाही. खेळ तोच, नियमपुस्तक तेच, कित्येक खेळाडूही दोन्ही देशांत खेळून आलेले. फरक एवढाच, की एका देशाने दोन मिनिटांचा प्रश्न दोन मिनिटांत सोडवला आणि दुसऱ्याने तो तत्त्वाचा केला.

‘एका धर्माच्या लोकांसाठी खेळाने का वाकायचं?’ हा प्रश्न अशा वेळी हमखास येतो. तो प्रामाणिक असेल तर त्याला उत्तर दिलं पाहिजे, आणि ते उत्तर खेळाच्या इतिहासातच आहे. इंग्लंडमध्ये फुटबॉलचे सामने शनिवारी दुपारी तीनला का सुरू होऊ लागले? एकोणिसाव्या शतकातल्या कायद्यांनी गिरणी कामगारांना शनिवारी दुपारनंतर सुट्टी मिळाली. कामगार भोंगा झाल्यावर मैदानावर पोचतील अशी वेळ ठरली. रविवार चर्चचा. इंग्लंडमधल्या कसोटी सामन्यांत कित्येक दशकं रविवार हा विश्रांतीचा दिवस असायचा. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एरिक लिडेलने १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आहे म्हणून त्या शर्यतीवर पाणी सोडलं, तो ४०० मीटर धावला आणि सुवर्णपदक घेऊन आला. त्याला हेकट कुणी म्हणत नाही. त्याच्यावर सिनेमा निघाला. वेळापत्रक, पोशाख, विजयानंतरची मेजवानी, हे सगळं आधीपासून कुणाच्या तरी सोयीनेच ठरत आलेलं आहे. ज्यांची सोय आपोआप होते त्यांना ते दिसत नाही, इतकंच. २०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये ३९ लाख मुस्लिम राहतात, म्हणजे लोकसंख्येच्या साडेसहा टक्के. एवढी माणसं खेळायला यावीत असं वाटत असेल, तर त्यांच्याही सोयीचा विचार त्या यादीत आला पाहिजे.

सर्वांत जास्त रक्त आटलं आहे ते कपड्यांवरून.

२००७ मध्ये कॅनडातल्या एका स्पर्धेत अकरा वर्षांच्या मुलीने हिजाब काढायला नकार दिला म्हणून पंचांनी तिला मैदानाबाहेर काढलं. प्रकरण फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळापर्यंत गेलं आणि बंदी कायम राहिली. पुढे कारण दिलं गेलं सुरक्षिततेचं: कापड ओढलं गेलं तर गळ्याला फास बसेल. जून २०११ मध्ये जॉर्डनची राजधानी अम्मान इथे इराणच्या मुलींचा संघ ऑलिंपिक पात्रता सामन्यासाठी मैदानात उतरला आणि डोकं-मान झाकणाऱ्या पोशाखामुळे त्यांना खेळूच दिलं गेलं नाही. सामना यजमानांना बहाल झाला, इराणच्या मुली मैदानावरच रडल्या. जॉर्डनचे राजपुत्र अली बिन हुसेन यांनी हा विषय लावून धरला. २०१२ मध्ये प्रायोगिक परवानगी मिळाली. दोन वर्षं हिजाब घालून सामने झाले, कुणाचा गळा आवळला गेला नाही, आणि मार्च २०१४ मध्ये बंदी उठली. त्याच निर्णयाने शीख खेळाडूंच्या पगडीलाही वाट मिळाली. बास्केटबॉलने २०१७ मध्ये तोच रस्ता धरला. ३० जुलै २०२३ रोजी ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड इथे मोरोक्कोची बचावपटू नुहैला बेंझिना दक्षिण कोरियाविरुद्ध उतरली. महिलांच्या विश्वचषकात हिजाब घालून खेळलेली ती पहिली खेळाडू. मोरोक्कोने तो सामना १-० ने जिंकला.

सात वर्षांची ती बंदी कागदावर संपली, तरी तिची किंमत मोजून झाली होती. दहाव्या-अकराव्या वर्षी जिने चेंडू सोडून दिला, ती अठराव्या वर्षी बंदी उठली म्हणून परत येत नाही. मैदानावरची सवय, मैत्रिणी, घरच्यांचा हळूहळू जमलेला विश्वास, सगळं तोवर विरून गेलेलं असतं.

नियम वर बदलला तरी खाली पोचायला वेळ लागतो, याचं उदाहरण ऑक्टोबर २०२४ मधलं आहे. सोमालियाच्या संघाची माजी कर्णधार इक्रा इस्माईल लंडनच्या एका स्थानिक लीगमध्ये बदली खेळाडू म्हणून उतरायला निघाली. तिने नेहमीप्रमाणे शॉर्ट्सऐवजी लांब ट्रॅकपँट घातली होती. पंचांनी तिला अडवलं. याआधी ती अशीच खेळत आली होती. तिने हे जाहीरपणे सांगितल्यावर इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेला हात घालावा लागला आणि श्रद्धेशी तडजोड न करता महिलांना खेळता आलं पाहिजे हे स्पष्ट करावं लागलं. सगळा वाद गुडघा ते घोटा एवढ्या कापडाचा! त्याच लंडनमध्ये जवाहिर रोबल हिजाब घालून पंच म्हणून शिट्टी वाजवते. लहानपणी सोमालियातल्या यादवीतून कुटुंबासह आलेली ही मुलगी वेम्बली स्टेडियमच्या परिसरात वाढली. आज तिचं नाव ब्रिटनच्या राजसन्मानांच्या यादीत आहे.

फ्रान्समध्ये चित्र वेगळं. तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने जून २०२३ मध्ये फुटबॉल महासंघाची हिजाबबंदी उचलून धरली. पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी धावपटू सुन्कांबा सिला हिला उद्घाटन सोहळ्यात यायचं तर हिजाबऐवजी टोपी घालावी लागली. आणि इराणमध्ये याच्या बरोबर उलट सक्ती. ऑक्टोबर २०२२ मध्ये सोल इथल्या आशियाई स्पर्धेत स्पोर्ट क्लाइंबिंगपटू एल्नाझ रेकाबी उघड्या केसांनी भिंत चढली, तेव्हा तिच्या सुखरूपतेची काळजी जगाला लागली. पॅरिस आणि तेहरान ही एकमेकांची विरुद्ध टोकं मानली जातात. खेळाडू मुलीच्या जागी उभं राहून पाहिलं तर दोन्हीकडे तिच्या डोक्यावर काय असावं हे तिसराच कुणी ठरवतो आहे. मुस्लिम समाजासाठी खेळ खुला करायचा म्हणजे काय, याचा कस इथे लागतो. डोकं झाकून आलेलीला प्रवेश हवा, न झाकता आलेलीलाही हवा, आणि दोघींपैकी कुणालाही खुलासा मागितला जाऊ नये.

पोशाखाइतकंच अवघड प्रकरण दारूचं. जिंकल्यावर शॅम्पेनची बाटली हलवून फवारे उडवायचे ही प्रथा इतकी रुळली, की संघातला एखादा गडी त्या क्षणी गुपचूप बाजूला सरकतो हे बराच काळ कुणी टिपलंच नाही. इंग्लंडच्या मोईन अली आणि आदिल रशीद यांना २०१९ चा क्रिकेट विश्वचषक जिंकल्यावर फवारा सुरू होण्याआधी बाजूला पळताना जगाने पाहिलं. जानेवारी २०२२ मध्ये होबार्टला ऑस्ट्रेलियाने ॲशेस मालिका ४-० ने जिंकली तेव्हा उस्मान ख्वाजा असाच खाली उभा होता. कर्णधार पॅट कमिन्सच्या ते लक्षात आलं. त्याने सहकाऱ्यांना बाटल्या ठेवायला सांगितल्या आणि ख्वाजाला हात करून मंचावर बोलावलं. काही सेकंदांची ती चित्रफीत जगभर फिरली.

दारूच्या या प्रथेची काळी बाजू अझीम रफीकने उघड केली. यॉर्कशायरचा हा माजी फिरकीपटू नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या संसदीय समितीपुढे बोलला. पंधराव्या वर्षी स्थानिक क्लबमध्ये असताना आपल्याला धरून घशात रेड वाइन ओतली गेली, असं त्याने सांगितलं. वांशिक शेरे, अपमान आणि त्याकडे वरिष्ठांनी केलेला काणाडोळा, हे सगळं त्याने मांडलं. त्याच्या साक्षीआधीच नेमलेल्या स्वतंत्र आयोगाकडे चार हजारांहून अधिक लोकांनी आपले अनुभव दिले. जून २०२३ मध्ये अहवाल आला: वंशभेद, लिंगभेद आणि वर्गभेद इंग्लिश क्रिकेटमध्ये खोलवर मुरलेले आहेत. क्रिकेट मंडळाने बिनशर्त माफी मागितली. त्याआधीच्या वर्षी, एप्रिल २०२२ मध्ये, याच मंडळाने लॉर्ड्सच्या लाँग रूममध्ये पहिल्यांदा इफ्तार ठेवला होता. मार्च २०२३ मध्ये चेल्सीने आपल्या स्टेडियममध्ये मैदानाच्या कडेला इफ्तारच्या पंगती मांडल्या, तर ब्लॅकबर्न रोव्हर्सने २०२२ मध्ये ईदच्या नमाजासाठी मैदानच खुलं केलं. असे सोहळे सुंदर असतात आणि त्यांचं मोलही आहे, कारण ज्या मैदानाच्या शेजारी आयुष्य गेलं त्यात पहिल्यांदा पाऊल टाकणारे आजी-आजोबा त्या दिवशी आत येतात. पण इफ्तार वर्षातून एकदा येतो, ड्रेसिंग रूम रोजची असते.

म्हणून २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या ‘नुजूम स्पोर्ट्स’ या संस्थेने केलेली मुस्लिम खेळाडूंची सनद अधिक कामाची वाटते. तिच्यातल्या अपेक्षा अगदी साध्या आहेत: विजयोत्सवात दारूची सक्ती नको, नमाजासाठी जागा असावी, हलाल जेवण मिळावं, रमजानमध्ये रोजे ठेवायची मुभा असावी. प्रीमियर लीगमधल्या अनेक क्लबांनी ती स्वीकारली.

पण व्यावसायिक खेळाडू मूठभर. त्यांच्यामागे आहारतज्ज्ञ असतो, वैद्य असतो. खरा प्रश्न आहे तो शाळकरी पोराचा, चाळिशीतल्या गृहिणीचा आणि टॅक्सी चालवून गुडघे दुखू लागलेल्या बापाचा.

ब्रॅडफर्ड हे उत्तर इंग्लंडमधलं जुनं लोकरीच्या गिरण्यांचं शहर. त्या गिरण्यांत काम करायला पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमधल्या मीरपूर भागातून आलेली कुटुंबं इथेच स्थिरावली. ‘बॉर्न इन ब्रॅडफर्ड’ हा अभ्यास २००७ नंतरच्या चार वर्षांत जन्मलेल्या साडेतेरा हजारांच्या आसपास मुलांच्या आरोग्याचा माग ठेवतो आहे. याच शहरात मुलांना हलतं-फिरतं करण्याचा ‘जंप’ नावाचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा एक साधी गोष्ट पुढे आली. शाळा सुटल्यावरचे दोन तास हे इंग्लंडमध्ये खेळाच्या क्लबचे तास, आणि त्याच वेळी इथली हजारो मुलं मदरशात कुराण शिकायला बसलेली असतात. मुलं आळशी नव्हती, आई-बापही खेळाच्या विरोधात नव्हते. दोन घड्याळांची टक्कर होती. प्रकल्पाने मग मशिदी आणि मदरशांनाच सोबत घेतलं आणि धड्यांच्या वेळेत, मदरशाच्याच आवारात हालचालीला जागा करून दिली. उस्तादांनीच ‘शरीर ही अमानत आहे’ असं सांगितलं, तर ते घरात ज्या सहजतेने पोचतं तसं सरकारी पत्रक पोचत नाही.

लंडनमध्ये सारा जावेद यांनी २०१६ मध्ये ‘सायकल सिस्टर्स’ सुरू केलं. मुस्लिम बायकांनी एकत्र सायकली काढायच्या, पुढे-मागे प्रशिक्षित बाई, वेग सगळ्यांत हळू चालणारीचा. लांब कपडे साखळीत अडकू नयेत म्हणून काय करायचं, नमाजाची वेळ झाली तर कुठे थांबायचं, हे आधीच ठरलेलं. कॉव्हेंट्रीच्या हारून मोटा यांच्या ‘मुस्लिम हायकर्स’ने २०२१ च्या नाताळच्या दिवशी पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात शंभराहून अधिक लोकांची पायपीट काढली. बहुतेकांना त्या दिवशी सुट्टी, म्हणून तो दिवस. फोटो समाजमाध्यमांवर आल्यावर टोळधाड पडली: एवढे लोक इथे कशाला? डोंगरावर जायला माणसाला कुणाची परवानगी लागू नये. काही आठवड्यांनी याच गटाने पुन्हा चाल आखली, आणि या वेळी सोबत चालायला इतर समाजांतले लोकही आले.

आरोग्याच्या अंगाने हे किती निकडीचं आहे, ते आपल्याकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना टाइप २ मधुमेह तुलनेने लवकर आणि कमी वजनावर गाठतो. म्हणूनच ब्रिटनमध्ये आपल्यासारख्यांसाठी धोक्याची पातळी शरीर-वस्तुमान निर्देशांक २५ ऐवजी २३ पासूनच धरतात. त्यात रमजानचा महिना. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न नाही, पाणीही नाही. रमजान जूनमध्ये येतो तेव्हा ब्रिटनमध्ये हा उपवास अठरा तासांच्या वर जातो. इन्शुलिन घेणाऱ्या माणसाला नुसतं ‘रोजे करू नका’ म्हणून डॉक्टर मोकळा झाला, तर बरेच जण ऐकून घेतात आणि घरी जाऊन रोजा ठेवतात. त्यामुळे आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने रमजानसाठी २०१६ मध्ये खास मार्गदर्शिका काढली आणि २०२१ मध्ये ती सुधारली. रुग्णाचा धोका आधी मोजायचा, गोळ्या-इन्शुलिनच्या वेळा पहाटेची सहरी आणि संध्याकाळचा इफ्तार यांभोवती नव्याने बसवायच्या, साखर कितीवर गेली की रोजा लगेच सोडायचा ते ठरवून द्यायचं. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा मोडत नाही, हेही त्यात स्पष्ट सांगितलं आहे. धर्मात आजारी माणसाला आणि प्रवाशाला सूट आहेच. ती सूट डॉक्टर आणि इमाम यांनी एका सुरात सांगितली तर रुग्णाच्या मनावरचं ओझं उतरतं.

हे सगळं वाचताना महाराष्ट्रातल्या वाचकाला मुंब्रा आठवेल. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून उठलेली असंख्य मुस्लिम कुटुंबं ठाणे जिल्ह्यातल्या या गावात आली आणि गाव दाटीवाटीचं शहर झालं. तिथे ‘परचम’ या संस्थेने २०१२ पासून मुलींना फुटबॉल खेळायला मैदानात उतरवलं. सबा खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभा केलेला हा संघ सुरुवातीपासून मिश्र: मुस्लिम मुली आणि इतर मुली एकत्र. अडचण धर्मापेक्षा जागेची अधिक होती. मोकळं मैदान म्हणजे मुलग्यांचं क्रिकेट, हे कुणी लिहून न ठेवताच ठरलेलं. मुलींनी सह्या गोळा केल्या, लोकप्रतिनिधींकडे जाऊन आमच्यासाठी राखीव मैदान द्या, अशी मागणी केली. सावित्रीबाई फुले आणि फातिमा शेख यांच्या नावाचं वाचनालयही याच संस्थेचं. ज्या वयात मुलीचं घराबाहेर पडणं कमी होऊ लागतं, नेमक्या त्याच वयात या मुली मैदानासाठी बाहेर पडू लागल्या, ही बाब कुठल्याही करंडकापेक्षा मोठी आहे.

भारतात मुस्लिम खेळाडूला दोन्ही बाजूंनी मार बसतो. २००५ मध्ये सानिया मिर्झाच्या स्कर्टवर काही मौलवींनी आक्षेप घेतला. निझामाबादच्या निखत झरीनच्या वडिलांना, मुलीला बॉक्सिंग शिकवता, तिच्याशी लग्न कोण करणार, असं शेजारपाजारचे विचारत. जमील अहमद यांनी ऐकून घेतलं आणि मुलीला रिंगणात पाठवत राहिले. २०२२ आणि २०२३, लागोपाठ दोन वर्षं ती जगज्जेती झाली. मार्च २०२५ मध्ये चॅम्पियन्स करंडकाच्या उपांत्य सामन्यात मोहम्मद शमी पेय पिताना दिसला आणि रमजानमध्ये रोजा का नाही, म्हणून एका मौलवीने त्याला गुन्हेगार ठरवलं. याच शमीला २०२१ मध्ये पाकिस्तानविरुद्ध हरल्यावर दुसऱ्या टोकाच्या लोकांनी देशद्रोही ठरवलं होतं. तेव्हा विराट कोहली कर्णधार म्हणून उघडपणे त्याच्या पाठीशी उभा राहिला. रणजी करंडकात १२,००० धावांचा टप्पा सर्वांत आधी ओलांडणाऱ्या आपल्या वसीम जाफरवरही फेब्रुवारी २०२१ मध्ये अशीच वेळ आली. उत्तराखंडचं प्रशिक्षकपद सोडल्यावर त्याच्यावर संघात धर्म आणल्याचा आरोप झाला. शुक्रवारचा नमाज सराव संपल्यावर झाला होता, मौलवीला आपण बोलावलं नव्हतं आणि परवानगी घेतलेली होती, हे त्याला पत्रकार परिषदेत सांगावं लागलं. अनिल कुंबळे त्याच्या बाजूने बोलला. त्याच्याबरोबर मुंबईकडून खेळलेले बरेच जण गप्प राहिले, आणि ते लागलं.

आपल्याकडे करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसेही लागत नाहीत. नगरपालिकांच्या जलतरण तलावांवर महिलांची स्वतंत्र बॅच असते, ती बहुधा कुणालाच नको असलेल्या वेळी. ती सकाळी किंवा संध्याकाळी आणता येते, त्या तासाला जीवरक्षक बाई ठेवता येते. सुती कपड्यांना पाण्यात मनाई असते ती स्वच्छतेसाठी. पण पूर्ण अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख त्याच नायलॉन-लायक्राचा असतो. ऑस्ट्रेलियात आहेदा झनेट्टी यांनी २००४ मध्ये ‘बुर्किनी’ नावाने तो शिवला आणि २००७ मध्ये सिडनीच्या किनाऱ्यावर लाल-पिवळ्या बुर्किनीत मुस्लिम तरुणी जीवरक्षक म्हणून उभीही राहिली. अशा पोशाखाची परवानगी तलावाच्या नियमफलकावर एका ओळीत लिहिता येते. नऊवारीतल्या आजीलाही अंग झाकून पाण्यात उतरायची ती सोय आवडेल. शाळांच्या कबड्डी आणि खो-खोच्या गणवेशात ट्रॅकपँटचा पर्याय ठेवायला तर परिपत्रकाचीही वाट पाहायला नको.

आणि रमजान काही अचानक येत नाही. चांद्र वर्षामुळे तो दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. चंद्रदर्शनाने एखादा दिवस इकडेतिकडे होईल, पण महिना कित्येक वर्षं आधी सांगता येतो. २०२६ आणि २०२७ मध्ये तो फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आहे, म्हणजे आपल्याकडच्या वार्षिक परीक्षा आणि मोसमाअखेरच्या स्पर्धांच्या ऐन तोंडावर. २०३० मध्ये तर तो दोनदा सुरू होईल, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी, शाळांच्या क्रीडामहोत्सवांच्या दिवसांत. त्या वर्षीच्या स्पर्धांमध्ये धावण्याच्या फेऱ्या सकाळी लवकर घ्यायच्या की इफ्तारनंतर दिव्यांच्या उजेडात, हे जिल्हा क्रीडा कार्यालयांना आजच ठरवून ठेवता येईल.